फ्लक्सला मराठीत काय म्हणावं?

गोदाकाठ:
एका मासिकासाठी पेशींच्या चयापचयावरचा लेख मराठीत आणते आहे. मूळ लेखात 'फ्लक्स' दोन अर्थांनी येतो. आधी, एन्झाइमांच्या साखळीतून ग्लुकोज किती वेगानं पुढे सरकतं, त्यासाठी. मग मोजमापाच्या यंत्राचं वर्णन करताना चुंबकीय फ्लक्स. मी पहिल्या जागी 'ओघ' लिहिलं आणि दुसऱ्या जागी 'फ्लक्स' तसंच ठेवलं. संपादकांनी दोन्हीकडे 'प्रवाह' केलं. एका संज्ञेला एकच प्रतिशब्द, असं त्यांचं म्हणणं. आता वाक्य झालंय, 'वेटोळ्यातला चुंबकीय प्रवाह बदलला की त्यात विद्युतप्रवाह वाहतो.' बारावीच्या मुलाला यातून काय कळेल? तुम्ही काय वापरता?

जुना मास्तर:
हे वाक्य छापू देऊ नका. फॅरेडेनं १८३१ मध्ये दाखवलं ते नेमकं उलट आहे. चुंबकाकडून तारेत काहीच वाहत येत नाही, वाहते ती फक्त वीज. मी वर्गात उभ्या ज्वारीचं उदाहरण द्यायचो. पिकावर खाटेची रिकामी चौकट आडवी धरा, खूप ताटं आत येतील. तिरकी करा, कमी येतील. ताटांना समांतर धरा, एकही नाही. ताटं जागची हलत नाहीत, तरी चौकटीतून किती 'जातात' हा आकडा बदलतो. तो आकडा म्हणजे फ्लक्स, वेबर या एककात मोजतात तो. याला प्रवाह म्हटलं की मुलं चुंबकातून काय वाहतं ते शोधत बसतात. ही चूक मी तीस वर्षं तपासलीय.

शब्दवेल्हाळ:
मग 'अभिवाह' घ्या. हिंदी परिभाषेत कधीचा आहे, संस्कृत घडणीचा आहे, 'अभिवाहमापन', 'अभिवाहघनता' असे पुढचे शब्द सहज होतात. 'फ्लक्सघनता' कानाला कसं लागतं बघा.

जुना मास्तर:
त्यातही 'वाह' आहेच. आणि हिंदीतल्या एनसीईआरटीच्या पुस्तकातसुद्धा 'चुंबकीय फ्लक्स' असंच छापतात.

पेशी:
जीवरसायनात काम करते. मास्तर, तुमच्याकडे काही वाहत नाही, आमच्याकडे सगळंच वाहतं, पण बाहेरून बघणाऱ्याला काही बदललेलं दिसत नाही. हेच समजावणं कठीण जातं. पेशीतल्या एखाद्या रेणूची पातळी तासभर तीच राहते, म्हणून काही घडत नाही असं वाटतं. प्रत्यक्षात तो सतत तयार होत असतो आणि तितकाच संपत असतो. उसिंग या शरीरक्रियाशास्त्रज्ञानं १९४९ च्या सुमारास बेडकाच्या कातडीवर किरणोत्सारी सोडियम वापरून दोन्ही दिशांचे फ्लक्स वेगळे मोजले. आत जाणारा वेगळा, बाहेर येणारा वेगळा. 'प्रवाह' म्हटलं की वाचक एकच दिशा धरतो.

कृष्णाकाठचा:
ताई, हे आमच्या साखर कारखान्यासारखं झालं. पहिल्या दिवशी गव्हाणीत मोळी पडते, मग हंगामभर आवारात गाड्यांची रांग तेवढीच दिसते. रोज पाच हजार टन येतो, पाच हजार टन गाळला जातो. रांग मोजून कारखान्याचं काम कळत नाही, गाळप विचारावं लागतं. तुमचा फ्लक्स म्हणजे गाळप.

पेशी:
अगदी हेच! आणि पुढे ऐका. एक रोलर वाढवला म्हणून गाळप दुप्पट होत नाही ना? कॅक्सर आणि बर्न्स यांनी १९७३ मध्ये, आणि हाइनरिख आणि रापोपोर्ट यांनी १९७४ मध्ये स्वतंत्रपणे हेच मांडलं. फ्लक्सवरचा ताबा एका एन्झाइमकडे नसतो, साखळीभर वाटलेला असतो. म्हणून फ्लक्स ही पूर्ण साखळीची गोष्ट आहे, एका पायरीची नाही.

शब्दवेल्हाळ:
पण लेखात 'गाळप' लिहिणार कसं? आपला जुना शब्द 'स्रोत' घ्या. चरकसंहितेच्या विमानस्थानात स्रोतसांवर आख्खा अध्याय आहे. शरीरातलं वाहणं सांगणारा शब्द आपल्याकडे असताना उसना का?

जुना मास्तर:
कारण 'माहितीचा स्रोत', 'पाण्याचा स्रोत' म्हणताना आज सगळ्यांना उगम अभिप्रेत असतो. संस्कृतात काय होतं, ते वाचकाला विचारून बघा.

शब्दवेल्हाळ:
वापरल्यानं अर्थ बसतो. 'महापौर' लोकांच्या तोंडी बसलाच ना? प्रत्येक वेळी 'वाचकाला जड जाईल' म्हणून थांबलो तर मराठीत भौतिकशास्त्र लिहायचंच नाही का? मला हे मनापासून लागतं.

तांबट:
मध्येच लिहितो. आमच्याकडे फ्लक्स म्हणजे सोल्डरिंगची राळ. पण वडील भांड्यांना कल्हई करायचे, ते नवसागर म्हणायचे. तापल्या भांड्यावर कापसानं नवसागर फिरवला की पांढरा धूर निघायचा, मळ सुटायचा आणि कथील सरसर पसरायचं. सोनार टाकणखार घालतो तोही त्याच कामाचा. हा फ्लक्स तुमच्यातलाच का?

पेशी:
मूळ एकच, लॅटिनमधलं वाहणं. धातू वाहता करतो म्हणून तो फ्लक्स. इंग्रजीत रक्ती आवेलाही पूर्वी हाच शब्द होता. आपल्या 'अतिसारा'तही 'सृ' धातू आहे, सरणं, वाहणं.

तांबट:
मग फ्लक्सला एकच नाव असं नाहीच, जो जे वापरतो ते. भांडं मात्र उजळतं.

रानजाई:
कुणी लिंगाचं सांगेल का? मी 'तो फ्लक्स' म्हणते, माझे सर 'ते फ्लक्स' म्हणायचे. सूर्याकडून येणारे न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कण पृथ्वीवर दर चौरस सेंटिमीटरला दर सेकंदाला सुमारे ६५०० कोटी येतात. त्यावर लिहिताना 'फ्लक्स मोजला' की 'मोजलं', इथेच मी अडकते.

शब्दवेल्हाळ:
पाहिलंत? 'अभिवाह' पुल्लिंगी, प्रश्नच नाही.

जुना मास्तर:
'तो'. प्रवाहावरून.

कृष्णाकाठचा:
मास्तर, प्रवाह नको म्हणून तुम्हीच सुरुवात केली होती.

गोदाकाठ:
मला लेख शुक्रवारी द्यायचा आहे. पेशीतल्या भागासाठी 'ओघ' आणि चुंबकासाठी 'फ्लक्स', असे दोन वेगळे शब्द ठेवा म्हणून संपादकांना लिहिते, खाली मास्तरांची ज्वारी जोडते. पेशीताई, 'ओघ' चालेल ना?

पेशी:
आत जाणारा ओघ चालेल. पण त्याच क्षणी बाहेर येणाऱ्यालाही 'ओघ' म्हटलं तर दोन्हींतली वजाबाकी कुठल्या शब्दात लिहिणार? आमच्या गावाकडे 'राबता' म्हणतात, दोन्ही बाजूंची ये-जा त्यात असते. त्याचा विचार करा.

शब्दवेल्हाळ:
'राबता' फारसी-अरबीतून आलेला आहे.