चर्चा: फिगर अर्धवट असताना दाखवावी की पूर्ण झाल्यावरच?

धागाकर्ता:
माझं मत आधीच सांगतो. सैनिकांच्या फिगरवर, म्हणजे रंगवायच्या छोट्या प्रतिकृतीवर, अभिप्राय हवा असेल तर ती अर्धी रंगवून झालेली असतानाच मागावा. वार्निश मारल्यावर मिळालेला सल्ला पुढची फिगर हातात घेईपर्यंत निम्मा विसरलेला असतो.

मी १:३५ प्रमाणाचा (खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढा), दुसऱ्या महायुद्धातला ब्रिटिश पायदळाचा सैनिक करत होतो. गालाखालची सावली त्वचेच्या रंगात काळा मिसळून दिली होती. चेहरा मळकट, आजारी दिसत होता आणि कारण काही केल्या कळेना. फोटो पाहून एकानं लिहिलं, काळा सोडा, लालसर तपकिरी घ्या, पाण्यासारखा पातळ करून तीन-चार थरांत चढवा. त्याच संध्याकाळी त्याच चेहऱ्यावर करून पाहिलं. नाकाच्या कडेला आणि हनुवटीखाली जिवंतपणा आला. हे पुढच्या फिगरवर केलं असतं तर फरक इतका नीट दिसला नसता.

प्रतिसाद १:
पटलं नाही. अर्धवट चेहरा कुणाचाही वाईटच दिसतो. ग्लेझ (कडा मिसळणारे पातळ, पारदर्शक थर) होईपर्यंत सावलीची कडा कडकच राहणार. त्या टप्प्यावर विचारलं की एक म्हणतो गडद करा, दुसरा म्हणतो उजळ करा. मी सगळ्यांचं ऐकत गेलो आणि थरांवर थर चढून पापणीची रेघच बुजली. शेवटी सगळा रंग काढून प्रायमरपासून, म्हणजे रंगाखालच्या पहिल्या थरापासून, सुरुवात केली. पूर्ण फिगरमध्ये निदान माझा निर्णय काय होता ते तरी दिसतं.

धागाकर्ता:
प्रश्न मोघम होता, म्हणून तसं झालं. ‘कशी वाटते?’ विचारलं की मतं येतात. ‘गालाची सावली जबड्याच्या हाडापर्यंत न्यावी का?’ विचारलं की उत्तर येतं.

प्रतिसाद २:
फोटोचं काय? १:३५ मध्ये पावणेसहा फुटी माणूस जेमतेम ५ सेंटीमीटरचा होतो, त्याचं डोकं साडेसहा मिलिमीटरच्या आसपास. मोबाइलवर तेच डोकं तळहाताएवढं करून पाहिलं तर ब्रशचा प्रत्येक फटकारा चूक वाटतो. हातभर अंतरावरून दिसेल तसा एक फोटो आधी द्यावा, जवळचा नंतर. आणि दिवा वरून असावा. आपण हायलाइट (उजळ भाग) वरून प्रकाश पडतो असं धरून देतो. दिवा बाजूला ठेवला तर बरोबर रंगवलेली टोपीसुद्धा चुकीची दिसते.

प्रतिसाद ३:
कोणता रंग वापरता यावरही हे ठरतं. ऑइल तासन्‌तास ओलं राहतं, कोरड्या ब्रशनं कडा पुसून मिसळता येते. त्यामुळे ऑइलवाल्यांनी मधेच जरूर विचारावं. अ‍ॅक्रिलिक काही मिनिटांत सुकतं. तिथे सुधारणा म्हणजे आणखी एक थर. पापणी बुजली ती त्यामुळेच.

जाता जाता, ‘फेल्डग्राऊची (जर्मन गणवेशाच्या हिरवट करड्या रंगाची) छटा चुकली’ असे अभिप्राय मी बाजूला ठेवतो. जर्मन गणवेशाचं कापड युद्धभर एकाच छटेचं नव्हतं, शिवाय उन्हानं आणि धुण्यानं ते विटायचं. रंग सावलीत कसा उतरवलाय यावर बोला, त्यातून शिकायला मिळतं.

प्रतिसाद १:
ऑइलचं मान्य. अ‍ॅक्रिलिकबाबत माझं मत तेच आहे, आणि चेहऱ्याबाबत तर जास्तच. डोळे भरले की सावली किती गडद हवी हा हिशेबच बदलतो. डोळ्यांआधी फिकी वाटणारी सावली बुबुळं आल्यावर पुरेशी ठरते, हे मी दर वेळी पाहिलंय. कोट, पट्टे, बूट अर्धवट दाखवीन. चेहरा डोळे झाल्याशिवाय नाही.