मदत हवी आहे : 'खुकरी'वरच्या नौसैनिकांची नावं देवनागरीत, आणि गोवा-सिंधुदुर्ग-कारवारकडच्या त्यांच्या घरांचा पत्ता

नमस्कार मंडळी,

पेडणे तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयातर्फे येत्या ९ डिसेंबरला भारतीय नौदलाच्या आयएनएस खुकरी या जहाजावर प्राण गेलेल्या सगळ्यांची नावं एकेक करून वाचायची आहेत. अधिकारी १८ आणि नौसैनिक १७६, म्हणजे एकूण १९४ नावं. भाषण नको, सत्कार नको, एक समई आणि नावं, एवढंच. त्यासाठी तीन-चार बाबतींत जाणकारांची मदत लागणार आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री, नऊच्या सुमारास, दीवच्या किनाऱ्यापासून साधारण ४० सागरी मैलांवर पाकिस्तानच्या 'हंगोर' पाणबुडीने खुकरीवर टॉर्पेडो डागला. खुकरी आणि कृपाण ही दोन्ही जहाजं त्याच पाणबुडीच्या शोधात निघाली होती. खुकरीवर लेफ्टनंट व्ही. के. जैन यांनी सुधारणा केलेलं सोनार (आवाजाच्या लहरींवरून पाण्याखालची पाणबुडी शोधणारं यंत्र) बसवलं होतं. त्याच्या चाचणीसाठी वेग कमी ठेवला होता, असं सांगतात. जहाज काही मिनिटांत बुडालं. खालच्या डेकवर बॉयलर आणि इंजिनापाशी ड्यूटीवर असलेल्यांना वर यायला वेळच मिळाला नाही. जे पाण्यात तरंगत राहिले, त्यांतल्या ६७ जणांना दुसऱ्या दिवशी वाचवण्यात आलं. जैन परत आले नाहीत. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी आपलं लाइफ जॅकेट दुसऱ्याला दिलं आणि ते जहाजाबरोबर गेले. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं.

मुल्लासाहेबांची गोष्ट शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते आणि ती असायलाच हवी. पण बाकीच्या १९३ जणांचं काय? त्यांत बॉयलर सांभाळणारे स्टोकर होते, स्वयंपाकी होते, सिग्नलमन होते, नुकतं मिसरूड फुटलेली पोरं होती. आमच्या वाचनालयाचे एक ज्येष्ठ सभासद नौदलातून निवृत्त झालेत. १९७१ साली ते दुसऱ्या जहाजावर होते आणि त्यांच्याबरोबर ट्रेनिंग केलेले काही जण खुकरीवर होते. काका दर ९ डिसेंबरला संध्याकाळी घरी समई लावतात. ज्यांचा देह मिळाला नाही त्यांची नावं तरी मोठ्याने घेतली पाहिजेत, असं ते म्हणतात. आता त्यांना नीट दिसत नाही, म्हणून वाचायचं काम आम्ही घेतलंय.

"दीवचं गोव्यात कशाला?" असं गावात एकाने विचारलं. तेव्हा दीव आपल्याच कारभारात होतं हो. गोवा, दमण आणि दीव हा एकच केंद्रशासित प्रदेश होता, पणजीच्या विधानसभेच्या ३० जागांपैकी एक दीवची होती, आणि हे १९८७ पर्यंत चाललं. खुकरी बुडाली तेव्हा आपला मुक्तिदिनाचा दहावा वाढदिवस दहा दिवसांवर आला होता. १९ डिसेंबरला आपण झेंडे लावतो, अंजदीव बेटावर १९६१ मध्ये पडलेल्या नौसैनिकांचीही आठवण काढतो. मग ९ डिसेंबर का राहून जावा, हे मला खरंच कळत नाही.

आता अडचणी.

दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकावर नावं आहेत, पण मला मिळालेली यादी रोमन लिपीत आहे. आडनावाच्या जागी पुष्कळदा नुसती आद्याक्षरं आहेत आणि गावाचा तर पत्ताच नाही. पंजाब, केरळ, आंध्र, बंगाल, सगळीकडची माणसं त्यात असणार. चुकीच्या उच्चाराने नाव वाचणं मला अजिबात पटत नाही. त्या-त्या भाषेतले कुणी यादीवरून नजर फिरवून देतील का? मराठी आणि कोकणी नावं आम्ही बघू.

दुसरं, नौसैनिकांचे सेवा-अभिलेख मुंबईत मानखुर्दच्या चीता कॅम्पमधल्या ब्यूरो ऑफ सेलर्सकडे असतात. नातेवाईक नसलेल्या संस्थेने तिथे पत्र पाठवलं तर निदान मूळ जिल्हा कळवतात का? कुणी असा पत्रव्यवहार केला असेल तर मजकूर कसा लिहिला ते सांगा. की आधी सैनिक कल्याण कार्यालयातून जाणं बरं?

तिसरं सर्वांत महत्त्वाचं. गोवा, सिंधुदुर्ग, रत्नागिरी, कारवार या पट्ट्यातलं खुकरीवर गेलेलं किंवा वाचलेलं कुणी तुमच्या माहितीत आहे का? वास्को-दाबोळी भागात निवृत्त नौसैनिकांची बरीच घरं आहेत. तिथे कुणी ओळखीचं असेल तर कृपया कळवा.

शिवाय पुढच्या वर्षी काकांना एकदा दीवला न्यायचा विचार आहे. तिथे समुद्राकाठी टेकडीवर काचेच्या पेटीत जहाजाची प्रतिकृती असलेलं स्मारक आहे. १९८९ मध्ये त्याच नावाची जी नवी खुकरी नौदलात आली, तीही २०२१ च्या अखेरीस निवृत्त होऊन संग्रहालयासाठी दीवला दिली गेली. मडगावहून वेरावळची साप्ताहिक गाडी आहे, पुढे रस्त्याने जाता येतं. काका ऐंशीच्या आसपास आहेत, गुडघे दुखतात. टेकडीवर पायऱ्या किती आहेत, गाडी कुठवर जाते, आणि ९ तारखेला मानवंदनेच्या वेळी बाहेरच्या लोकांना थांबू देतात का?

इथेच लिहा किंवा व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. कुणाचं घर सांगणार असाल तर आधी त्या घरच्यांना विचारा, पत्ता-फोन इथे उघड टाकू नका. काही घरांत त्या दिवसाचा विषय काढलेला चालत नाही असं काकाच सांगत होते. तसं असेल तर आम्ही नाव वाचू, पण त्यांच्या दारात जाणार नाही.