माहितीपटासाठी अनुदान: अर्ज मराठीत चालतो का?

खाडीकाठ, मालवण:
नमस्कार. दोन वर्षं झाली, आमच्या खाडीत ओहोटीला कालवं काढणाऱ्या बायकांचं चित्रण करतेय. चौदा जणी, त्यात एक आजी सत्तरीची. पाणी ओसरलं की तीनेक तास मिळतात. तेवढ्यात त्या खडकावरची कालवं फोडतात आणि मी कॅमेरा सांभाळत मागे फिरते. कॅमेरा माझा, माइक उसना. ४० तासांचं फुटेज साठलंय, पुढे पैसे नाहीत. राज्य सरकारचं चित्रपट अनुदान मिळेल का? स्त्री दिग्दर्शकांसाठी वेगळं काही असतं का? इंग्रजी माझं यथातथाच.
बजेट असं: संकलन २,५०,०००, ध्वनी १,५०,०००, रंगसंस्कार ८०,०००, प्रवास ४०,०००, हार्ड डिस्क ३०,०००. कॅमेरा ०, दिग्दर्शन ०. एकूण साडेपाच लाख.

संकलन टेबल, पुणे:
ताई, आधी दिग्दर्शनापुढचं ते शून्य खोडा. मी पंधरा वर्षं माहितीपटांचं संकलन करते, दोनदा अनुदानाचे अर्ज वाचायलाही बसले आहे. बायकांच्या अर्जात हे शून्य मला पुन्हा पुन्हा दिसलं आणि दर वेळी वाईट वाटलं. तुम्हाला वाटतं, कमी मागितलं तर लवकर मिळेल. वाचणाऱ्याच्या मनात मात्र येतं की ही बाई सहा महिने खाणार काय, आणि सिनेमा मध्येच सोडणार तर नाही? महिन्याचा आकडा धरा आणि लिहा. कॅमेऱ्याचं दोन वर्षांचं भाडं बाजारभावाने काढून 'स्वतःचा वाटा' म्हणून दाखवा. तो खर्च तुम्ही खरोखर केला आहे.

राज्याचं अर्थसाहाय्य मराठी कथापटांसाठी आहे, तेही सिनेमा पुरा झाल्यावर, परीक्षण होऊन. तुमच्या कामाचं नाही. केरळने २०१९ पासून वेगळी वाट धरली. तिथलं चित्रपट विकास महामंडळ स्त्री दिग्दर्शकांची पटकथा निवडतं आणि दीड कोटीपर्यंत खर्च करून स्वतः निर्मिती करतं. तारा रामानुजन आणि मिनी आय. जी. यांचे पहिले सिनेमे त्यातूनच आले. पैसा आधी मिळतो, हा त्यातला खरा मुद्दा. ज्या बाईच्या नावावर ना घर ना जमीन, तिने आधी कर्ज काढून सिनेमा करायचा कसा? आपल्याकडे हे व्हायला हवं, असं मी भेटेल त्याला सांगते.

भाषेची काळजी सोडा. कलाकारांना अनुदान देणारी बेंगळुरूची संस्था इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स कुठल्याही भारतीय भाषेत अर्ज घेते. मराठीतच लिहा, आणि आजीपासून सुरुवात करा. 'स्त्री सक्षमीकरण' वगैरे पहिल्या पानावर नको.

दुसरी रीळ, ठाणे:
परदेशी निधीबद्दल थोडं. न्यूयॉर्कचं चिकन अँड एग २००५ पासून स्त्रियांच्या माहितीपटांना पैसे देतं. ॲमस्टरडॅमचा इडफा बर्था फंड आशिया, आफ्रिकेतल्या दिग्दर्शकांसाठी आहे, फक्त स्त्रियांसाठी नाही. रॉटरडॅमचा ह्युबर्ट बाल्स फंड कथापटांचा. पायल कपाडिया यांच्या ज्या सिनेमाला २०२४ मध्ये कान चित्रपट महोत्सवात ग्राँ प्री मिळालं, त्याला पटकथेच्या टप्प्यावर याच फंडाचा हात होता. त्या सिनेमाचा उत्तरार्ध तुमच्या शेजारच्या रत्नागिरीतलाच आहे.
पण पैसे घेण्याआधी एफसीआरए, म्हणजे परकीय पैशाबद्दलचा कायदा, जाणणाऱ्या सीएला भेटा. 'ओळखीच्या एनजीओच्या खात्यात घेऊ' ही जुनी वाट २०२० च्या दुरुस्तीने बंद झाली. एका संस्थेला आलेलं परकीय योगदान आता दुसरीकडे देता येत नाही.

रानवाट:
एकच सांगते. करारात फुटेजची मालकी कुणाची, ते वाक्य सहीआधी तीनदा वाचा. मी वाचलं नाही. माझ्या गावातल्या ओवी गाणाऱ्या बायकांचं १९ तासांचं चित्रण आज एका संस्थेच्या कपाटात आहे. त्यातल्या दोघी आता हयात नाहीत, आणि त्यांच्या लेकींना दाखवायला माझ्याकडे काही नाही.

खाडीकाठ, मालवण:
रानवाट, तुमचं वाचून रात्री सगळ्या फुटेजची दुसरी प्रत काढून ठेवली.
शून्य खोडलं. महिना २५,००० प्रमाणे सहा महिन्यांचे १,५०,००० लिहिले, हात अडखळला तरी. एक राहिलं. घरी बसून मुलाखत द्यायची तर बाईची त्या दिवसाची ओहोटी जाते. कालवं विकून जेवढं मिळालं असतं तेवढं मी तिच्या हातात ठेवते. हा खर्च आजवर कुठेच मांडला नाही. तो कशात धरू?

संकलन टेबल, पुणे:
'बुडालेला रोज' अशी वेगळी ओळ करा, अगदी याच शब्दांत. आणि ती दिग्दर्शनाच्या वर घ्या.