परकीय अनुदान : हिशेब आणि हेतू

‘लोकशाही आणि मानवी हक्कांच्या नावाखाली परकीय सरकारे आपल्याकडे हवा तसा पैसा ओततात आणि हिशेब कोणी विचारत नाही’ या मताशी मी सहमत नाही. सांगलीतील एका छोट्या संस्थेचे हिशेब मी काही वर्षे पाहिले. ऊसतोड मजुरांसाठीच्या हक्कशिबिरांना एका मोठ्या संस्थेमार्फत परदेशी निधी येत असे. टेम्पोचे भाडे, चहा, सतरंज्या यांच्या पावत्या आणि अंगठ्यांचे ठसे असलेले हजेरीपत्रक जोडल्याखेरीज पुढचा हप्ता सुटत नसे. (शाईपॅड विसरल्याने एकदा मजुरांच्या कोप्यांवर (झोपड्यांवर) दुसरी फेरी मारावी लागली होती.) २०२० मध्ये परदेशी देणग्यांचे नियमन करणाऱ्या परकीय अंशदान कायद्यात दुरुस्ती झाली. असा निधी दुसऱ्या संस्थेला देण्यास मनाई झाली, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली, आणि आमची शिबिरे तिथेच थांबली.

देणाऱ्याच्या हेतूविषयीची शंका मात्र मला रास्त वाटते. अमेरिकेत १९८३ साली स्थापन झालेली ‘नॅशनल एन्डाउमेंट फॉर डेमोक्रसी’ ही इतर देशांतील लोकशाहीविषयक कामाला अनुदान देणारी संस्था कागदोपत्री खासगी असली, तरी तिचा बहुतांश पैसा तेथील काँग्रेस (संसद) मंजूर करते. तेव्हा तिला निव्वळ बिगरसरकारी म्हणणे अर्धसत्य ठरते. पण मग २००५ साली स्थापन झालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या लोकशाही निधीला भारत सरकारनेही पैसा दिला आहे, त्याचे काय म्हणायचे?