सोव्हिएत संघाला कोणी बुडवलं, रेगनने की गव्हाने?

खडूफळा (धागाकर्ता):
शीतयुद्ध कसं संपलं म्हटलं की एक ठरलेली कथा ऐकायला मिळते. अमेरिकेचा अध्यक्ष रेगनने मार्च १९८३ मध्ये अवकाशातल्या क्षेपणास्त्ररोधक कवचाची घोषणा केली, त्या शर्यतीत रशियाची दमछाक झाली, खेळ खलास. मला ही कथा पटत नाही.

झारच्या काळात हा देश युरोपला धान्य विकायचा. १९२९ पासून स्टालिनने सामूहिक शेती लादली आणि शेतकऱ्याचं शेतीतून मन उडालं ते उडालंच. १९६३ साली पीक बुडाल्यावर तेव्हाचा सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्हने कॅनडा-अमेरिकेकडून गहू घेतला. १९७२ पासून तर परदेशी धान्य नेमाचंच झालं. त्यासाठी लागणारे डॉलर यायचे पश्चिम सैबेरियाच्या तेलातून. १९७३ नंतर तेल महागलं, तोवर निभावलं. १९८५ च्या अखेरीस सौदीने उत्पादन वाढवलं, आणि तीस डॉलरच्या घरातलं पिंप १९८६ च्या उन्हाळ्यात दहाच्या आसपास आलं. तिथे कंबर मोडली.

आणि हो, अफगाणिस्तानात सैन्य घुसवल्याबद्दल रेगनच्या आधीचा अध्यक्ष कार्टरने १९८० मध्ये रशियावर धान्यबंदी घातली होती. ती एप्रिल १९८१ मध्ये कोणी उठवली? रेगननेच, कारण अमेरिकन शेतकऱ्यांना गिऱ्हाईक हवं होतं!

तोफखाना:
असहमत. गहू बाहेरून का आणावा लागला, ते सांगा ना. चांगलं पोलाद, चांगले इंजिनिअर, सगळं रणगाड्यांत आणि क्षेपणास्त्रांत. उरलंसुरलं शेतीला. कवच हा नुसता बागुलबुवा असता, तर ऑक्टोबर १९८६ मध्ये आइसलंडच्या रेक्याविकला रेगनशी बोलताना सोव्हिएत नेता गोर्बाचेव्ह त्यावरून अडून बसला असता का? अण्वस्त्रं जवळजवळ मोडीत काढण्याची बोलणी त्या एका मुद्द्यावर फिसकटली.

खडूफळा:
पुढचं का गाळलंत? फेब्रुवारी १९८७ मध्ये त्यानेच मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांच्या करारापुरता तो हट्ट सोडला आणि डिसेंबरात वॉशिंग्टनला जाऊन सही केली. कवच तर कधी उभं राहिलंच नाही. भीती वाटणं वेगळं आणि दिवाळं निघणं वेगळं.

मधुमालती:
दोघांच्याही हिशेबात माणसं कुठेच नाहीत, म्हणून लिहिते आहे.

ऑगस्ट १९८०, पोलंडमधलं ग्दान्स्क. आना वालेंटिनोविच ही गोदीतली क्रेन चालवणारी बाई. निवृत्तीला काही महिने उरलेले असताना तिला कामावरून काढलं. तिला परत घ्या म्हणून गोदी बंद पडली, लेख वाव्हेन्सा नावाचा इलेक्ट्रिशियन पुढे आला आणि ‘सॉलिडॅरिटी’ ही कामगार संघटना उभी राहिली. वर्षभरात सुमारे एक कोटी सभासद! कामगारांच्या नावाने चाललेल्या राज्यात कामगारच सरकारविरुद्ध उभे राहिले. साम्यवादी विचारसरणीचा पराभव मी तिथे धरते. डिसेंबर १९८१ मध्ये लष्करी कायदा लावूनही ती संघटना संपली नाही.

मग ४ जून १९८९. पोलंडच्या निवडणुकीत सिनेटच्या १०० पैकी ९९ जागा सॉलिडॅरिटीने घेतल्या. त्याच तारखेला बीजिंगमध्ये आंदोलकांवर चिनी सरकारचे रणगाडे फिरत होते. बुडापेस्टला १९५६ मध्ये आणि प्रागला १९६८ मध्ये सोव्हिएत रणगाडे आले होते, वॉर्साला या वेळी आले नाहीत. हा निर्णय माणसांनी घेतला, तेलाच्या भावाने नाही.

घाटपायथा:
मुळात हा धागाच विचारांच्या लढाईचा शेवट वीस वर्षं उशिरा धरतोय. मार्च १९६९ मध्ये सीमेवरच्या उसुरी नदीतल्या बेटावरून रशियन आणि चिनी सैनिकांनी एकमेकांवर गोळ्या झाडल्या. दोघेही मार्क्सवादी! १९७२ मध्ये निक्सन माओला भेटून आला. त्यानंतर उरली ती सत्तेची ओढाताण, विचारांचं भांडण फक्त भाषणांत.

(अवांतर: पवईच्या आयआयटीला युनेस्कोमार्फत सोव्हिएत यंत्रं आणि तज्ज्ञ मिळाले, आणि तिथली पोरं शिकून अमेरिकेला गेली. यावर वेगळा धागा निघू शकेल.)

खडूफळा:
मधुमालती, मुद्दा जोरदार आहे. पण त्या उन्हाळ्यात पोलंडमधले संप पेटले ते मांसाच्या भाववाढीवरून, हेही लिहा की. आणि चीनचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. तिथे १९७८ पासून कम्यून, म्हणजे सामूहिक शेती, मोडत जमीन कसायला कुटुंबांकडे दिली आणि १९८४ ला विक्रमी पीक आलं. १९८९ मध्ये पक्ष तगला, कारण खेडी शांत होती.

तोफखाना:
पोटावरच सगळं ठरत असेल, तर उत्तर कोरियाचं काय? १९९० च्या दशकात तिथे भीषण दुष्काळ पडला, लाखो माणसं गेली. राजवट जागची हलली नाही.

खडूफळा:
उत्तर कोरियाच्या राज्यकर्त्यांनी माणसं मरू दिली. मॉस्कोला ते जमण्यासारखं नव्हतं. जून १९६२ मध्ये मांस आणि लोणी महाग केल्यावर रशियातल्या नोव्होचेर्कास्क शहरातल्या कामगारांनी मोर्चा काढला, त्यावर गोळीबार झाला, वीसहून अधिक माणसं मेली. बातमी दाबली, पण धडकी बसली ती बसलीच. पुढे जवळजवळ तीन दशकं पाव आणि मांसाच्या सरकारी दुकानातल्या भावाला हात लावायची कोणाची हिंमत झाली नाही. घरची शेती पिकेना, भाव वाढवता येईना, मग बाहेरून आणण्यावाचून इलाज काय?

मधुमालती:
म्हणजे सरकार घाबरत होतं ते मोर्चातल्या कामगारांना! मी वेगळं काय म्हणत होते?

खडूफळा:
घाबरत होतं, मान्य. पण कॅनडाचा शेतकरी रुबल घेत नव्हता.

तोफखाना:
आणि असलेले डॉलर कुठे खर्च होत होते, ते अजून कोणी सांगितलेलं नाही. अफगाणिस्तानातल्या नऊ वर्षांचा हिशेब मांडा, मग बोलू.