दादासाठी जुना इलेक्ट्रिक फुटबॉल हवा आहे: कोणता घ्यावा, काय बघून घ्यावा?

क्लीव्हलँडची सातारकर

नमस्कार मंडळी. नाताळाला अजून दोन महिने आहेत, पण जुनी वस्तू शोधायची म्हणजे वेळ लागणार, म्हणून आताच विचारते.

आम्ही 1968 साली साताऱ्याहून इकडे ओहायोत आलो. दादा सात वर्षांचा, मी तीन. घरात नाताळ नव्हता, पण सुट्टीनंतर शाळेत 'तुला काय मिळालं?' हा प्रश्न दादाला ठरलेला. शेजारच्या काकू सिअर्स या मोठ्या दुकानाचा नाताळचा कॅटलॉग वाचून झाला की आम्हाला द्यायच्या. त्यातलं एक पान दादानं इतक्या वेळा दुमडलं की ते घडीवर फाटलं. बाबांनी ते पान बघितलं, कुणाला काही बोलले नाहीत, आणि 1970 च्या नाताळात टूडर कंपनीचा इलेक्ट्रिक फुटबॉल घरी आला.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी: हा अमेरिकन फुटबॉलचा, टेबलावर मांडून खेळायचा खेळ. हिरव्या रंगाचं पत्र्याचं मैदान, त्यावर यार्डांच्या पांढऱ्या रेघा, आणि दोन्ही बाजूंचे अकरा-अकरा प्लॅस्टिकचे खेळाडू. आमच्याकडे क्लीव्हलँड ब्राउन्स आणि न्यूयॉर्क जायंट्स हे संघ होते. बटण दाबलं की पत्रा थरथरायचा आणि खेळाडू आपोआप पळायला लागायचे. जेवणाच्या टेबलावर खेळ मांडला की स्टीलच्या वाट्या वाजायच्या. आई खेळाडूंना सोंगट्या म्हणायची. दोघं-तिघं नीट पुढे जायचे, दोघं एकमेकांना धरून फुगडी घातल्यासारखे जागीच फिरायचे, आणि एखादा वळून थेट आपल्याच गोलकडे निघायचा. मांडायला दहा मिनिटं, चाल संपायला पाच सेकंद. दादा प्रत्येकाला उचलून त्याच्या बैठकीखालचे दाते नखानं किंचित वाकवायचा, परत ठेवायचा, परत बघायचा. ती एकाग्रता मला अजून दिसते.

पुढे घर बदलताना ते खोकं गेलं. कुणी टाकलं, कधी टाकलं, माहीत नाही. दादानं त्याबद्दल कधी विचारलं नाही, म्हणूनच मला ते जास्त लागतं. तो निवृत्त होऊन आता पुण्यात असतो आणि या नाताळाला माझ्याकडे येतो आहे. त्याच्या हातात तो खेळ द्यायचा आहे.

जुनाच शोधू की नवीन घेऊ? जुना घ्यायचा तर काय तपासू? आणि पुण्याच्या विजेवर तो चालेल का?

पत्र्याचा डबा

ताई, जुनाच घ्या. मी पंधरा वर्षं जुनी पत्र्याची खेळणी जमवतो आहे. इलेक्ट्रिक फुटबॉलचे चार संच घरात आहेत, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

टूडर मेटल प्रॉडक्ट्स ही न्यूयॉर्कची कंपनी. नॉर्मन सॅस यांनी वडिलांकडून कारभार हातात घेतला तेव्हा कंपनीकडे थरथरत्या पत्र्यावर गाड्यांची शर्यत लावणारं एक खेळणं होतं. सॅस एमआयटीत शिकलेले इंजिनिअर. गाड्या पळतात तर माणसं का पळू नयेत, असा विचार त्यांनी केला आणि 1949 साली पहिला इलेक्ट्रिक फुटबॉल बाजारात आला. सॅस 2012 साली 87 व्या वर्षी गेले.

सुरुवातीचे खेळाडू चपटे होते. साठच्या दशकात ली पेन या डिझायनरनं त्यांना खरं अंग दिलं. वाकलेला, पळणारा, अडवायला हात पुढे केलेला, असे वेगवेगळे पवित्रे आले. मग 1967 साली टूडरला एनएफएलचा, म्हणजे तिथल्या व्यावसायिक फुटबॉल लीगचा, परवाना मिळाला आणि खऱ्या संघांचे रंग अंगावर चढले. त्याआधी ब्राँक्सची गॉथम ही स्पर्धक कंपनी एनएफएलच्या नावानं संच काढत होती, पण खेळाडूंच्या बाबतीत टूडरची सर कुणालाच आली नाही असं माझं ठाम मत आहे.

तुमच्या वर्णनावरून तुमचा संच बहुतेक 620 क्रमांकाचा. ब्राउन्स-जायंट्स ही जोडी त्यातलीच. विक्रीच्या संकेतस्थळांवर 'टूडर 620' असं शोधा. नुसतं 'इलेक्ट्रिक फुटबॉल' टाकलंत तर सत्तरच्या दशकातले कोलेको या दुसऱ्या कंपनीचे संचही पुढे येतील. तेही चांगले, पण दादांचा तो नव्हे.

रंधा

वर इतिहास आला आहे, मी हाताने करायच्या गोष्टी सांगतो.

विकणाऱ्याकडून खेळ चालू असतानाचा व्हिडिओ मागा. 'आवाज येतो' एवढ्यावर विश्वास ठेवू नका. आवाज येणं वेगळं आणि खेळाडू पुढे सरकणं वेगळं. मैदान मध्ये खोलगट झालं असेल तर सगळे खेळाडू घरंगळल्यासारखे मधोमध गोळा होतात. त्यासाठी खेळ सपाट टेबलावर ठेवायला सांगा आणि मैदानाच्या चारही कोपऱ्यांवर एक-एक खेळाडू ठेवून चालवायला सांगा. चौघेही मधेच आले तर घेऊ नका.

मैदान उलटं करून खालचा फोटो मागा. खाली विजेचं वेटोळं असतं. तिथे जळल्याचा काळा डाग नको. कंपन कमी-जास्त करायचा स्क्रू गंजून बसलेला नको. वायर पन्नास वर्षांची आहे, ती कडक होऊन तडकलेलीच असणार. कितीही चांगली दिसली तरी जाणकाराकडून बदलून घ्या, मगच प्लगमध्ये घाला.

खेळाडूंचा रंग थोडा उडाला असेल तर राहू द्या. कृपा करून नवीन रंग देऊ नका.

सोनचाफा

मी वेगळं सुचवते. माझ्या नवऱ्यासाठी मी असाच जुना संच घेतला होता. खोक्यात बावीसच्या जागी सतरा खेळाडू निघाले आणि बैठकींचे दाते तुटलेले. मुलं अर्ध्या तासात कंटाळली. टूडर गेम्स या नावानं आजही नवे संच मिळतात. दादांची नातवंडं खेळणार असतील तर नवीन घ्या, पहिल्या दिवसापासून चालेल.

पत्र्याचा डबा

सोनचाफा, मुलांसाठी तुमचं बरोबर आहे. पण इथे ताईंना नुसता खेळ नको आहे, दादांचा खेळ हवा आहे. मधला मार्ग सांगतो: मैदान आणि खेळाडू जुने घ्या, बैठकी सुट्या नव्या घ्या. आणि खेळाडू मोजूनच पैसे द्या. क्वार्टरबॅक वेगळा ओळखून घ्या, त्याचा हात मागे ओढून सोडला की चेंडू फेकतो. तो हात फार वेळा तुटलेला असतो.

मुंबई-डेट्रॉईट

विजेचं मी सांगतो, हा माझा विषय आहे.

अमेरिकेत 120 व्होल्ट आणि 60 हर्ट्झ, पुण्यात 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झ. पुण्यात थेट प्लगमध्ये घातला तर वेटोळं जळणार. 230 चे 110 करणारा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर घ्या, पुण्यात सहज मिळतो. लोखंडी गाभ्याचा जडच घ्या. हेअर ड्रायरसाठी विकतात तो हलका कन्व्हर्टर यासाठी नको.

ट्रान्सफॉर्मर व्होल्ट कमी करतो, हर्ट्झ तेच राहतात. वेटोळं विजेच्या प्रत्येक आवर्तनात दोनदा ओढतं. म्हणजे क्लीव्हलँडला पत्रा सेकंदाला 120 वेळा थरथरतो, पुण्यात 100 वेळा. आवाज थोडा खालच्या पट्टीत येईल आणि खेळाडूंची चाल बदलेल. स्क्रू फिरवून पुन्हा जुळवावं लागेल. 50 हर्ट्झवर वेटोळं जास्त करंट ओढतं, त्यामुळे तापतंही जास्त. लागोपाठ चालू ठेवू नका, प्रत्येक चालीनंतर बटण बंद करा. खेळ तसाच खेळायचा असतो, म्हणून अडचण येऊ नये.

बाकी, मी सत्तरच्या दशकाच्या शेवटी डेट्रॉईटला आलो. तोवर मॅटेल कंपनीचा हातात धरायचा इलेक्ट्रॉनिक फुटबॉल आला होता, लाल दिव्यांच्या बारीक रेघांचा, आणि वर्गातली मुलं तोच खेळायची. हा पत्र्याचा खेळ मी फक्त एका मित्राच्या तळघरात पाहिला. त्याच्या वडिलांनी तो प्लायवुडवर कायमचा ठोकून ठेवला होता. तुमचं लिहिणं वाचून तो आवाज कानात आला.

क्लीव्हलँडची सातारकर

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवडे शोधून अखेर 620 मिळाला! अक्रनजवळच्या एका आजोबांकडून, म्हणून स्वतः जाऊन बघता आला. रंधा, तुम्ही सांगितलेली चार कोपऱ्यांची परीक्षा त्यांच्या स्वयंपाकघरातल्या ओट्यावर केली. तीन सरळ गेले, एक डावीकडे वळला, पण मधे कुणी गोळा झालं नाही. वायर बदलून घेतली आहे. पुण्यातल्या भाच्याला ट्रान्सफॉर्मर आणायला सांगितला आहे.

जायंट्स अकरा, ब्राउन्स दहाच निघाले. क्वार्टरबॅक दोन्हीकडचे शाबूत. खोक्याच्या कोपऱ्यात शेंगदाण्याच्या डाळीएवढा फेल्टचा चेंडू चिकटून बसला होता, तो आजोबांनाही माहीत नव्हता.

दादा 22 तारखेला येतो आहे. कुणाकडे सुटा ब्राउन्सवाला असेल, नारिंगी हेल्मेटचा, तर कृपया निरोप टाका. पवित्रा कुठलाही चालेल.

पत्र्याचा डबा

माझ्याकडे तीन जादा आहेत. त्यातला पळणारा उद्या टपालानं पाठवतो. पत्ता निरोपात द्या. पैसे नकोत, दादांनी त्याचे दाते वाकवले की एक फोटो टाका.