खेळण्यातली सनई नव्हे, बहुधा सुंदरी

सोलापुरातल्या जुन्या वाड्यात सापडलेल्या वीतभर लाकडी वाद्याचा फोटो टाकून ‘हे काय आहे?’ असं तुम्ही विचारलंय. वरच्या उत्तरांत त्याला कुणी लहान मुलांची सनई म्हटलंय, कुणी क्लॅरिनेटचा तुटका तुकडा. क्लॅरिनेट तर नक्कीच नाही. फोटोत भोकं झाकणारी एकही धातूची चावी नाही, चावी बसवल्याच्या खुणाही नाहीत. शिवाय नळी वरून खाली रुंदावत गेलीय; क्लॅरिनेटची बरीचशी सरळ असते.

मला ही सुंदरी वाटते. सनईच्याच घराण्यातली, पण आखूड आणि आवाजाने चढी. आपल्या गावात ही शंका यावी याचंच नवल, कारण सुंदरीवादक सिद्राम जाधवांनी सुंदरी मैफलीत नेली ती सोलापूरचीच.

खात्री हवी तर सनईवाल्याकडून मापाची दुहेरी पत्ती (तोंडात धरून फुंकायची दोन पात्यांची जोडी) बसवून घ्या. सगळी भोकं बंद केल्यावर निघणारा सूर सा धरला, तर फुंकेचा जोर वाढवला की वरचा सा निघायला हवा. क्लॅरिनेट अशा वेळी थेट वरच्या पंचमावर उडी मारतो. पण आधी लाकडाला चीर नाही ना, ते बघा. वरच्या टोकाला गुंडाळलेला दोरा जुना असेल, तर तो सोडू नका. आणि पॉलिश तर अजिबात करू नका हो, भोकांच्या कडा बुजल्या की सूर गेलाच.

पेल्याकडच्या, म्हणजे खालच्या रुंद टोकाचा, आतून काढलेला एक फोटो टाकाल का?